‘ब्रिलियंट’ म्हणजे नक्की किती हुशार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ब्रिलियंट’चा साधा, सरळ अर्थ काय?

मूळ अर्थ उजेडाचा आहे: झगझगीत, लखलखीत, डोळे दिपवणारे. ‘ब्रिलियंट सनशाइन’ म्हणजे लख्ख ऊन. त्यावरून दुसरा अर्थ आला, असामान्य बुद्धीचा किंवा कौशल्याचा. तिसरा बोलीतला, नुसता ‘मस्त’, ‘छान’. तिन्ही आज एकाच वेळी वापरात आहेत आणि गोंधळ बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्याच्या सीमेवर होतो.

म्हणजे हुशार माणसाला ब्रिलियंट म्हणायला हरकत नाही ना?

थोडी आहे. आपल्याकडे हा शब्द ‘हुशार’चा इंग्रजी जोडीदार म्हणून सर्रास वापरला जातो. वर्गात पहिल्या पाचात आला की मुलगा ब्रिलियंट. पण ‘हुशार’ हा आतल्या गुणाबद्दल बोलणारा शब्द आहे. माणूस गप्प बसलेला असला तरी तो हुशार असू शकतो. ‘ब्रिलियंट’ मात्र बघणाऱ्याच्या डोळ्यांवरून ठरतो. कोणाचे तरी डोळे दिपले पाहिजेत, त्याशिवाय शब्द लागू पडत नाही.

म्हणून मी एक साधी कसोटी लावतो. एखाद्याला ब्रिलियंट म्हणावेसे वाटले की स्वतःला विचारायचे, त्याने असे काय केले की आपण थक्क झालो? गणिताची अनपेक्षित उकल, वादातला बिनतोड मुद्दा, एखादा अचाट झेल असे काही बोट दाखवून सांगता आले तर शब्द बिनधास्त वापरा. ‘एकूणच हुशार आहे हो’ एवढेच सांगता येत असेल तर ‘इंटेलिजंट’ किंवा ‘ब्राइट’ पुरे. याच कारणामुळे माणसापेक्षा कामाला ब्रिलियंट म्हणणे बहुधा जास्त नेमके ठरते. साधारण बुद्धीच्या माणसाला आयुष्यात एकदा ब्रिलियंट कल्पना सुचू शकते, आणि अत्यंत बुद्धिमान माणूस वर्षानुवर्षे एकही ब्रिलियंट गोष्ट न करता जगू शकतो.

हा शब्द आला कुठून?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये ‘ब्रिये’ म्हणजे चमकणे, त्याचे ‘चमकणारा’ अशा अर्थाचे धातुसाधित म्हणजे हा शब्द. फ्रेंचांनी ते क्रियापद इटालियन ‘ब्रिल्लारे’वरून घेतले. त्याच्या मागे काय, यावर कोशकारांचा कल असा की लॅटिनमधले ‘बेरिल्लुस’ हे रत्नाचे नाव. बेरिलसारखे चमकणे ते ब्रिल्लारे. लॅटिनने हे नाव ग्रीक ‘बेरुल्लोस’वरून घेतले आणि ग्रीकांनी ते भारतातून, रत्नाबरोबरच, आयात केले. पालीत आणि प्राकृतात त्या रत्नाला ‘वेळुरिय’ म्हणत. संस्कृतात तेच वैडूर्य, किंवा वैदूर्य.

म्हणजे मुलाला कौतुकाने ब्रिलियंट म्हणणारी आजी नकळत आपल्याच वैडूर्याचे नाव घेत असते. शब्द जहाजात बसून पश्चिमेला गेला, चार भाषांत मुक्काम करून इंग्रजीच्या वेषात परत आला, आणि आपण त्याला ओळखलेच नाही.

इथे जरा थांबण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. ‘विदूर’ या स्थानावरून ‘वैदूर्य’ शब्द कसा बनतो याचे सूत्र पाणिनीने दिले आहे. त्यावर पतंजलीने महाभाष्यात शंका काढली की रत्न तर वालवाय पर्वतावर सापडते, मग नाव विदूराचे कसे? त्याने दिलेल्या उत्तरांपैकी एक असे, की रत्नावर संस्कार होतात ते विदूर येथे. खाणीच्या नव्हे, कारागिरांच्या गावाचे नाव रत्नाला मिळाले. आजचे भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मानत नाहीत; त्यांच्या मते शब्दाचे मूळ द्राविडी असावे आणि संस्कृत रूप नंतर घडवलेले. पण पतंजलीचा मुद्दा मला सोडवत नाही. इ.स. 79 मध्ये मरण पावलेला रोमन लेखक प्लिनी जवळपास हेच सांगतो. बेरिल मुख्यतः भारतात मिळतात, आणि कारागीर त्यांना षट्कोनी आकार देतात, कारण कोनांवरून प्रकाश परतला नाही तर त्यांचा रंग फिका पडतो. खाणीतून निघालेला दगड चमकत नव्हताच, चमक नंतर आणावी लागत होती.

जाता जाता: पाचू आणि अक्वामरीन ही दोन्ही रत्ने खनिज म्हणून बेरिलच आहेत. मराठीत आज वैडूर्य म्हटले की लसण्या समोर येतो, तो वेगळा. आणि जर्मन भाषेत चष्म्याला ‘ब्रिले’ म्हणतात तेही याच बेरिलमुळे, कारण जुन्या काळी भिंगे अशा पारदर्शक स्फटिकांची करत.

‘ब्राइट’ आणि ‘ब्रिलियंट’ एकाच घराण्यातले का?

ऐकायला तसे वाटते, पण नाही. ‘ब्राइट’ हा अस्सल जर्मानिक कुळातला जुना इंग्रजी शब्द. त्याचा चुलतभाऊ संस्कृतात आहे: ‘भ्राजते’, म्हणजे झळकतो. ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या जात त्या भूर्ज वृक्षाचे नावही याच मुळाचे मानतात, साल पांढरीशुभ्र म्हणून. इंग्रजीतला ‘बर्च’ तोच.

एक शब्द नात्याने आपला, दुसरा व्यापाराने आपला.

या दोघांच्या अर्थात फरक किती?

उजेडाचाच आहे. ब्राइट म्हणजे चांगला प्रकाश. ब्रिलियंट म्हणजे एवढा की डोळ्यांवर हात धरावा लागतो. ब्राइट हा शब्द लहान मुलांसाठी, विद्यार्थ्यांसाठी, नवख्या सहकाऱ्यासाठी जास्त वापरला जातो. त्यात ‘पुढे चांगले करील’ अशी आशा असते. साठीच्या शास्त्रज्ञाला ‘ब्राइट’ म्हटले तर ते पाठीवर थाप मारल्यासारखे, किंचित वरून बोलल्यासारखे ऐकू येते. त्यांना ब्रिलियंट म्हणा.

मग क्लेव्हर, स्मार्ट, इंटेलिजंट, जीनियस यांचे काय?

‘इंटेलिजंट’ सर्वांत तटस्थ. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ ‘मधून निवडणे’. नीरक्षीरविवेक म्हणा ना. अहवालात, मूल्यमापनात, औपचारिक लेखनात हा शब्द सुरक्षित. त्यात कौतुक कमी, वर्णन जास्त.

‘क्लेव्हर’ जपून. त्यात युक्ती, चतुराई आहे, आणि ब्रिटिश इंग्रजीत कधीकधी टोमणाही. ‘टू क्लेव्हर बाय हाफ’ म्हणजे आपला अतिशहाणा. त्याचा बैल रिकामा राहतो हे इंग्रजांनाही ठाऊक असावे. एखाद्याच्या उपायाला क्लेव्हर म्हणणे छान, माणसाला म्हणताना चेहरा आणि सूर सांभाळा.

‘स्मार्ट’चा इतिहास गमतीचा आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द झोंबण्याचा, ठणकण्याचा होता. आजही धुराने डोळे चुरचुरले तर ‘माय आइज आर स्मार्टिंग’ म्हणतात. झोंबणारे ते तीव्र, तीव्र ते चपळ, चपळ ते हुशार असा प्रवास झाला. अमेरिकेत हुशार माणसासाठी रोजचा शब्द हाच. ब्रिटनमध्ये मात्र स्मार्ट म्हणजे टापटीप कपड्यांतला. मराठीतला ‘स्मार्ट दिसतो’ हा प्रयोग आपण ब्रिटिशांकडून उचलला आणि नंतर अमेरिकन अर्थही घेतला. त्यामुळे ‘मुलगा स्मार्ट आहे’ या वाक्यावरून स्थळ पाहणाऱ्यांना नक्की काय कळते, देव जाणे.

‘जीनियस’ हे नाम. ‘शी इज अ जीनियस’ असे म्हणा, ‘शी इज जीनियस’ नको. रोममध्ये जीनियस म्हणजे माणसाबरोबर जन्मणारी, त्याला सांभाळणारी देवता. आपल्या ‘जन्’ धातूशी त्याचे सख्खे नाते. ब्रिलियंट माणसे अनेक असतात. जीनियस म्हटले की त्याच्या आधीचे जग आणि नंतरचे जग वेगळे झाले पाहिजे. आता लोक फोनचे सेटिंग बदलून देणाऱ्यालाही जीनियस म्हणतात, त्याला इलाज नाही.

बुद्धीला प्रकाश म्हणणे ही इंग्रजीचीच खोड का?

अजिबात नाही. ‘प्रतिभा’ हा शब्द फोडून पाहा. त्यात ‘भा’ आहे, चमकणे. प्रभा, आभा, भास्कर यांच्यातला तोच. काव्यशास्त्रज्ञ अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी प्रतिभेची व्याख्या ‘नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा’ अशी केली: सतत नवे काही उमलवणारी बुद्धी. ‘ब्रिलियन्स’च्या इतक्या जवळ जाणारा शब्द दुसऱ्या भाषेत सापडणे कठीण, आणि आपण तो कवी-कथाकारांपुरता राखून ठेवला आहे.

रोजच्या बोलण्यातही उजेड आहेच. डोक्यात प्रकाश पडतो, बुद्धी तेजस्वी असते, समज मंद असते. तरी माझे निरीक्षण असे की मराठीला बुद्धी चमकण्यापेक्षा धारदार असलेली जास्त आवडते. ‘कुशाग्र’ म्हणजे दर्भाच्या टोकासारखी, ‘तीक्ष्ण’ तर उघडच, आणि उलट टोकाला ‘बोथट’. ‘हुशार’ तिसऱ्याच वाटेने आला. फारसीत त्याचा अर्थ शुद्धीवर असलेला, सावध. म्हणजे आपल्या हुशारीचे मूळ जागे असण्यात आहे.

‘व्हेरी ब्रिलियंट’ चूक आहे का?

व्याकरणाने चूक नाही, कानाला खटकते. ब्रिलियंटमध्ये ‘अतिशय’ आधीच भरलेले आहे. ‘खूप अप्रतिम’ म्हटल्यावर मराठीत जसे होते तसेच. जोर द्यायचाच असेल तर ‘ॲब्सोल्यूटली ब्रिलियंट’, ‘ट्रूली ब्रिलियंट’, ‘क्वाइट ब्रिलियंट’ म्हणा. यातला ‘क्वाइट’ फसवा आहे. ‘क्वाइट गुड’ म्हणजे ब्रिटनमध्ये ‘ठीकठाक’, पण ‘क्वाइट ब्रिलियंट’ म्हणजे ‘केवळ ब्रिलियंट’. टोकाच्या विशेषणापुढे आला की क्वाइटचा अर्थ उलटतो.

तुलना करताना ‘मोअर ब्रिलियंट’, ‘मोस्ट ब्रिलियंट’. शेवटी ‘अर’ लावून रूप होत नाही.

‘ब्रिलियंट इन मॅथ्स’ की ‘ब्रिलियंट ॲट मॅथ्स’?

कौशल्य किंवा विषय असेल तर ‘ॲट’. ‘शी इज ब्रिलियंट ॲट मॅथ्स’, ‘ही इज ब्रिलियंट ॲट एक्सप्लेनिंग थिंग्ज’. आपण ‘इन’ वापरतो कारण मराठीत आपण ‘गणितात हुशार’ म्हणतो. ती सप्तमी थेट इंग्रजीत उतरते. ‘इन’ची जागा वेगळी आहे. नट एखाद्या भूमिकेत ब्रिलियंट असतो, तिथे ‘ब्रिलियंट इन दॅट रोल’. माणसांशी किंवा वस्तूंशी वागण्याचे कसब असेल तर ‘विथ’: ‘ब्रिलियंट विथ चिल्ड्रन’, म्हणजे मुलांना सांभाळण्यात हातखंडा. आणि एखाद्या कृतीबद्दल त्या माणसाची पाठ थोपटायची तर ‘ऑफ’: ‘दॅट वॉज ब्रिलियंट ऑफ यू’.

आणखी एक आपली खास सवय म्हणजे ‘ही इज हॅविंग अ ब्रिलियंट माइंड’. बुद्धी ही चालू क्रिया नाही, ‘ही हॅज अ ब्रिलियंट माइंड’ म्हणा.

स्पेलिंग नेहमी चुकते. लक्षात कसे ठेवायचे?

बी, आर, आय, डबल एल, आय, ए, एन, टी. चुका दोन ठिकाणी होतात. एक एल गळतो, किंवा शेवटी ‘ए’ऐवजी ‘ई’ येतो. दुसऱ्या चुकीचे कारण म्हणजे शेजारचे शब्द. इंटेलिजंट आणि एक्सलंट या दोघांत ‘ई’ आहे, त्यामुळे बोट आपोआप तिकडे वळते. ‘रेडियंट’ आठवा. चमकणारे दोघेही ‘ए’वाले.

उच्चार?

पहिल्या अक्षरावर आघात. ब्रिटनमध्ये ‘ब्रि-लि-अंट’ अशी तीन अक्षरे ऐकू येतात, अमेरिकेत बहुधा ‘ब्रिल्-यंट’ अशी दोन. मराठीत लिहिताना ‘ब्रिलियंट’ आणि ‘ब्रिलिअंट’ दोन्ही दिसतात. एका मजकुरात एकच ठेवा म्हणजे झाले. शेवटचा ‘अंट’ मात्र ओझरता. मुंगीच्या इंग्रजी नावासारखा ठसठशीत म्हणू नये.

ब्रिलियन्स आणि ब्रिलियन्सी यांत फरक आहे?

अर्थ जवळपास एकच. आज बुद्धीसाठी, प्रकाशासाठी, कशासाठीही ‘ब्रिलियन्स’च वापरतात. ‘ब्रिलियन्सी’ जुनाट वाटतो. तो एका ठिकाणी मात्र टिकून आहे, बुद्धिबळात. विलक्षण डावाला तिथे ‘ब्रिलियन्सी’ म्हणतात आणि स्पर्धेतल्या सर्वांत सुंदर डावासाठी ‘ब्रिलियन्सी प्राइझ’ देण्याची रीत आहे. पहिले असे बक्षीस 1876 मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत हेन्री बर्ड यांना जेम्स मेसन यांच्याविरुद्धच्या डावासाठी मिळाले.

बुद्धिबळाच्या ॲपवर एखादी चाल ‘ब्रिलियंट’ म्हणून येते. ती सर्वोत्तम चालीपेक्षा वेगळी कशी?

डाव लिहून ठेवताना चांगल्या चालीपुढे एक उद्गारचिन्ह आणि अचाट चालीपुढे दोन देण्याची पद्धत ॲप्सच्या कितीतरी आधीची आहे. सर्वोत्तम चाल ही हिशेबाने ठरते, संगणक ती सांगतो. ती अगदी साधीही असू शकते. शह आला, राजा हलवला, संपले. ब्रिलियंट चालीत मोहऱ्याचा बळी असतो किंवा पाहणाऱ्याला आधी चूकच वाटेल असे काही असते, आणि चार चालींनंतर कळते की तीच बरोबर होती. वर म्हटले ते इथे स्वच्छ दिसते: चाल बरोबर असणे पुरेसे नाही, कोणाच्या तरी भुवया वर गेल्या पाहिजेत.

हिऱ्यांच्या ‘ब्रिलियंट कट’चा बुद्धीशी काही संबंध?

शब्दाशी आहे, आणि मला तर बुद्धीशीही वाटतो. आजच्या गोल ब्रिलियंट कटमध्ये 57 पैलू असतात, खालचे टोक सपाट केले तर 58. पैकी 33 वरच्या भागात, 24 खालच्या. 1919 मध्ये मार्सेल टोलकोव्स्की यांनी गणिताने दाखवून दिले की पैलूंचे कोन ठरावीक ठेवले तर आत शिरलेला जास्तीत जास्त प्रकाश वरून परत बाहेर येतो. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळवतो याचे माप, सुमारे 2.42 असतो. त्यामुळे आत गेलेला किरण पैलूवर 24 अंशांहून थोड्या जास्त तिरकसपणे जरी आदळला तरी तो बाहेर न पडता आतल्या आत परावर्तित होतो. खालचा भाग फार उथळ किंवा फार खोल कापला की प्रकाश तळातून निसटतो आणि तोच हिरा निस्तेज दिसतो.

जवाहिऱ्यांच्या परिभाषेत ‘ब्रिलियन्स’ म्हणजे फक्त परत येणारा पांढरा प्रकाश. रंगीत ठिणग्यांना ते ‘फायर’ म्हणतात. आणि हिरा हलवल्यावर होणाऱ्या लुकलुकीला ‘सिंटिलेशन’. दगड तोच, पण पैलू पडेपर्यंत यातले काहीच दिसत नाही. मराठीत ‘पैलू पाडणे’ हा वाक्प्रचार आपण माणसांसाठीच जास्त वापरतो.

छपाईच्या जगात एका अगदी बारीक टाइपालाही ‘ब्रिलियंट’ म्हणत, साडेतीन-चार पॉइंटचा. वाचायला डोळे फोडावे लागत, म्हणून नाव शोभत होते की नाही कोण जाणे.

इंग्लंडमधला सहकारी माझ्या प्रत्येक ई-मेलला ‘ब्रिलियंट!’ म्हणतो. मी खरोखर एवढा चांगला आहे का?

कदाचित असालही, पण त्या शब्दावरून ठरवू नका. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ‘ब्रिलियंट’ हा ‘बरं झालं’, ‘ठीक, कळले’, ‘धन्यवाद’ एवढ्याच वजनाने येतो. फाइल पाठवली, ब्रिलियंट. बैठक चारला ठरली, ब्रिलियंट. त्याचा आखूड अवतार ‘ब्रिल’ही आहे. अमेरिकन माणूस मात्र हा शब्द इतक्या सहज खर्चत नाही. त्याच्या तोंडी तो आला तर बुद्धीचे खरे कौतुक समजायला हरकत नाही.

उलट बाजूचा प्रयोगही ओळखीचा असू द्या. ‘आय अ‍ॅम नॉट फीलिंग टू ब्रिलियंट’ म्हणजे माझे डोके चालत नाही असे नव्हे. तब्येत बरी नाही, एवढेच.

आणि कोणी कपाळाला हात लावून ‘ओह, ब्रिलियंट’ म्हणाले तर?

तर ‘लावले दिवे!’ हे मराठी भाषांतर अगदी चपखल. उजेडाचा शब्द उपहासाला वापरण्यात आपण इंग्रजांच्या पुढेच आहोत. ‘काय उजेड पाडलास’, ‘कुळाचा दिवटा’, सगळे तिथलेच. ओळखायचे सुरावरून. खऱ्या कौतुकात शब्दाचा आवाज चढतो, उपहासात तो सपाट होतो आणि लांबतो. लिखाणात सूर नसतो, म्हणून ज्याची चूक झाली आहे अशा माणसाला मेसेजमध्ये नुसते ‘ब्रिलियंट’ लिहू नये. मी एकदा मनापासून लिहिले होते. समोरच्याने दोन दिवस उत्तर दिले नाही.

शिफारसपत्रात विद्यार्थ्याला ब्रिलियंट म्हणावे का?

म्हणा, पण एकदाच, आणि पुराव्यानंतर. ‘ही इज अ ब्रिलियंट अँड हार्डवर्किंग स्टुडंट’ या वाक्याने सुरू होणारी पत्रे निवड करणाऱ्यांनी ढिगाने वाचलेली असतात. त्याऐवजी आधी लिहा की अमुक प्रकल्पात सगळे ज्या पद्धतीने जात होते ती त्याने का सोडली आणि काय केले. मग शब्द आपोआप वजनदार होतो. बरेचदा तर गरजच उरत नाही.

‘ब्रिलियंट मार्क्स’, ‘ब्रिलियंट पर्सेंटेज’ हे आपल्याकडचे प्रयोग; बाहेरच्यासाठी लिहिताना ‘एक्सलंट मार्क्स’ करा.

स्वतःच्या बायोडेटात स्वतःला? नको. हा शब्द बघणाऱ्याचा आहे, दिसणाऱ्याचा नाही.

मुलांना ‘तू ब्रिलियंट आहेस’ म्हणू नये असे ऐकले. खरे आहे?

शब्दाच्या पानावर हा प्रश्न यायलाच हवा होता. 1998 मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना कोडी दिली. नंतर काहींना सांगितले की तू फार हुशार आहेस, काहींना सांगितले की तू मेहनत चांगली केलीस. पुढचे काम निवडायला सांगितल्यावर हुशार ठरवलेल्या मुलांचा कल आपली हुशारी शाबूत राहील अशा कामाकडे होता, मेहनतीचे कौतुक झालेल्यांचा काही शिकायला मिळेल अशा कामाकडे. मग अवघड कोडी देऊन अपयश दाखवल्यावर हुशार म्हणवलेली मुले लवकर खचली.

दुसरे संशोधन ‘ब्रिलियन्स’ या कल्पनेवरच आहे. 2015 मध्ये सारा-जेन लेस्ली, आंद्रेई सिंपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या विषयांतले लोक ‘इथे जन्मजात असामान्य बुद्धी लागते’ असे मानतात, त्या विषयांत पीएचडी मिळवणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कमी असते. 2017 मध्ये लिन बियान यांच्यासह त्यांनी लहान मुलांकडे पाहिले. पाच वर्षांच्या मुली ‘खूप खूप हुशार’ माणूस म्हणून बाईचे चित्र तितक्याच सहज निवडत होत्या, जितके मुलगे पुरुषाचे. सहा वर्षांच्या झाल्या आणि हे प्रमाण घसरले. त्याच वयात ‘खूप खूप हुशार मुलांसाठीच्या’ खेळातला त्यांचा रसही कमी झालेला दिसला.

म्हणून शब्दच टाकून द्यावा असे मला वाटत नाही. तो मुलाला न चिकटवता त्याने केलेल्या गोष्टीला चिकटवावा. ‘ही युक्ती ब्रिलियंट आहे, कशी सुचली?’ यात कौतुकही होते आणि पुढे बोलणेही होते.

विरुद्धार्थी शब्द कोणते?

प्रकाशासाठी ‘डल’ आणि ‘डिम’, बुद्धीसाठीही तेच. मराठीतला ‘मंद’ हा अगदी तसाच, दिव्यालाही चालतो आणि डोक्यालाही. ‘डिम’ माणसाबद्दल वापरणे उर्मट आहे. ‘डल’ म्हटले तर समोरच्याला ‘कंटाळवाणा’ असेही समजेल.

मराठीत भाषांतर करताना प्रत्येक वेळी ‘हुशार’, ‘तल्लख’ लिहावे का?

नाही. आधी पाहा की चमकतेय काय. ऊन असेल तर लख्ख. निळा रंग असेल तर गडद नव्हे, झगझगीत. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर दिसणारा ‘ब्रिलियंट ब्लू’, म्हणजे ई133, हे रंगद्रव्याचे नाव आहे, ते तसेच ठेवा. कारकीर्द असेल तर देदीप्यमान किंवा झळाळती. विजय असेल तर दणदणीत नको, कारण तो किती फरकाने जिंकलो हे सांगणारा शब्द आहे, नेत्रदीपक घ्या. माणूस असेल तर तल्लख, कुशाग्र, प्रतिभावान यांतून प्रसंग पाहून. कल्पना असेल तर बोलीत ‘भन्नाट’.

आणि झेल, फटका, अभिनय असेल तर ‘अफलातून’. हा शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवला. अफलातून हे प्लेटोचे अरबी-फारसीतले नाव. म्हणजे इंग्रजीने चमकणाऱ्या माणसासाठी भारतातले रत्न नेले, आणि मराठीने अचाट झेलासाठी ग्रीक तत्त्वज्ञ आणला. सीमारेषेवर सूर मारणाऱ्या क्षेत्ररक्षकाला प्लेटो म्हणणारी भाषा आपली आहे, ते सोडून प्रत्येक वेळी ‘ब्रिलियंट’ कशाला?

मराठी वाक्यात ‘ब्रिलियंट’चे रूप बदलते का?

विशेषण म्हणून नाही. ब्रिलियंट मुलगा, ब्रिलियंट मुलगी, ब्रिलियंट मुलांना. ‘सुंदर’सारखेच चालते. ‘ब्रिलियंटपणा’ मात्र लिहू नका. त्यासाठी ‘प्रतिभा’ आहे, तिच्यात ‘भा’ही आहे.